माणसांच्या किटवर कुत्र्याच्या ऑटोअँटिबॉडी: कॉन्ज्युगेट, कटऑफ आणि खोटे निगेटिव्ह

कव्हरस्लिप

माणसांच्या एएनएसाठी (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी) हेप-२ स्लाइडचं (माणसाच्या पेशी लावलेली काच) किट ज्या लॅबमध्ये चालतं, तिथे हल्ली पशुवैद्यांकडून कुत्र्यांचं सीरमही येऊ लागलंय. चिठ्ठीवर साधारण एकच मजकूर असतो: सांधे सुजलेत, ताप येतो-जातो, लघवीतून प्रथिनं जातायत, ल्युपस (अँटिबॉडी स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) आहे का बघा.

किटच्या पत्रकाप्रमाणे १:८० ला (८० पट पातळ करून) लावलं तर कुत्र्यांचे नमुने जवळजवळ सगळे निगेटिव्ह येतात. किटचा पॉझिटिव्ह कंट्रोल लख्ख चमकतो, निगेटिव्ह कंट्रोल काळा राहतो, म्हणजे कागदावर रन बरोबर. तरीही हे निगेटिव्ह पशुवैद्याच्या हातात द्यायला मन धजत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत. याच स्लाइडवर कुत्र्याची एएनए करता येते का? येत असेल तर काय काय बदलायचं? आणि बाकीच्या चाचण्या, म्हणजे लाइन ब्लॉट (पट्टीवर रेघांनी लावलेली प्रथिनं), आरए फॅक्टर (आयजीजी या अँटिबॉडीविरुद्धची अँटिबॉडी), कूम्ब्स (लाल पेशींना चिकटलेली अँटिबॉडी शोधणं), थायरॉइडच्या अँटिबॉडी, यांतल्या कुठल्या कुत्र्याला लागू पडतात?

फ्लुरोसिन

ते निगेटिव्ह पाठवू नका. त्या रनमध्ये कुत्र्याची तपासणी झालेलीच नाही.

स्लाइडवरच्या पेशींना नमुन्यातली अँटिबॉडी चिकटते, आणि ती चिकटली हे आपल्याला दाखवतं ते कॉन्ज्युगेट, म्हणजे खूण लावलेली दुसरी अँटिबॉडी. किटमधलं कॉन्ज्युगेट माणसाची आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) ओळखतं. कुत्र्याची अँटिबॉडी केंद्रकावर दाट चिकटून बसली असली तरी हे कॉन्ज्युगेट तिला धरत नाही, आणि धुण्यात निघून जातं. पॉझिटिव्ह कंट्रोल माणसाचा असल्यामुळे तो चमकतोच. किटचा कंट्रोल फक्त स्लाइड आणि किटचं कॉन्ज्युगेट ठीक आहे एवढंच सांगतो, कुत्र्याच्या नमुन्याबद्दल काहीच नाही.

याहून घातक प्रकार आहे अर्धवट क्रॉस-रिअ‍ॅक्शनचा. काही पॉलिक्लोनल अँटी-ह्यूमन कॉन्ज्युगेट कुत्र्याच्या आयजीजीला थोडंसं धरतात. मग १:१२८० चा कुत्रा १:४० ला फिकट दिसतो आणि रिपोर्टवर ‘लो पॉझिटिव्ह’ जातो. पूर्ण काळोख असेल तर निदान शंका तरी येते. फिकट उजेडावर लोक विश्वास ठेवतात.

स्लाइड मात्र चालते. हिस्टोन, एसएम, आरएनपी ही प्रथिनं सस्तन प्राण्यांत इतकी सारखी आहेत की माणसाच्या पेशीवर कुत्र्याची अँटिबॉडी नीट बसते. म्हणून हेप-२ ठेवायचं आणि कॉन्ज्युगेट बदलायचं: एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेलं अँटी-डॉग आयजीजी, सशात किंवा बकरीत बनवलेलं. शक्य असेल तर एफसी भागाविरुद्धचं (अँटिबॉडीची शेपटी) घ्या. पूर्ण रेणूविरुद्धचं घेतलं तर दोन्हींत असलेल्या हलक्या साखळीमुळे आयजीएमही (अँटिबॉडीचा दुसरा प्रकार) धरला जातो. जाता जाता: कुत्र्याच्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये लॅम्डा साखळीच बहुतांश असते, माणसात कॅप्पा जास्त. त्यामुळे अँटी-कॅप्पा कॉन्ज्युगेटने काम भागवायचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्या.

प्रोटीनए

अँटी-डॉग कॉन्ज्युगेट मिळेपर्यंत प्रोटीन ए (अँटिबॉडी धरणारं जिवाणूचं प्रथिन) लावलेलं एफआयटीसी वापरता येतं. प्रोटीन ए कुत्र्याच्या आयजीजीला घट्ट धरतं. प्रोटीन जी घेऊ नका, ते कुत्र्याच्या बाबतीत कमकुवत आहे. शिवाय प्रोटीन ए माणसाच्या आयजीजीलाही धरतं, म्हणजे किटचा कंट्रोल आणि कुत्र्याचा नमुना एकाच कॉन्ज्युगेटवर वाचता येतो.

फ्लुरोसिन

तात्पुरती सोय म्हणून ठीक, रोजच्या कामाला नको. कुत्र्याच्या आयजीजीचे ए, बी, सी, डी असे चार उपवर्ग आहेत आणि प्रोटीन ए सगळ्यांना सारखं धरत नाही. एखाद्या कुत्र्याची अँटिबॉडी नेमकी कमी धरल्या जाणाऱ्या उपवर्गात असेल तर टायटर (सीरम कितीपट पातळ केलं तरी चमकतं तो आकडा) खाली दिसेल, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. हा दोष कंट्रोलमध्ये दिसत नाही, म्हणून मला तो जास्त खटकतो.

प्रोटीनए

उपवर्गांचा मुद्दा मान्य. पण नवं अँटी-डॉग कॉन्ज्युगेट आलं की त्याच नमुन्यांवर प्रोटीन ए शेजारी लावून पाहावं, असं अजूनही म्हणेन. एका पद्धतीत चमकतं आणि दुसरीत नाही असा नमुना सापडला तर तो बाजूला काढून पुन्हा तपासण्यासारखा असतो.

कव्हरस्लिप

कॉन्ज्युगेट आलं असं धरू. पण पॉझिटिव्ह कुत्र्याचं सीरम हाताशी नाही. मग कॉन्ज्युगेट काम करतंय हे कशावरून कळणार?

फ्लुरोसिन

त्यासाठी पॉझिटिव्ह कुत्रा लागत नाही, कुठलाही निरोगी कुत्रा चालतो. स्वच्छ काचेच्या स्लाइडवर निरोगी कुत्र्याच्या सीरमचा १ मायक्रोलिटरचा ठिपका द्या, बाजूला माणसाच्या सीरमचा, आणि तिसरा गाईच्या सीरमचा. वाळू द्या, थंड अ‍ॅसिटोनमध्ये १० मिनिटं फिक्स करा, वरून कॉन्ज्युगेट, ३० मिनिटं अंधारात, धुवा, बघा. कुत्र्याचा ठिपका हिरवागार दिसला पाहिजे, माणसाचा काळा. गाईचा ठिपका मुद्दाम सांगतोय. हेप-२ पेशी गाईच्या वासराच्या सीरमवर वाढवलेल्या असतात, आणि अँटी-डॉग कॉन्ज्युगेट गाईच्या आयजीजीला धरत असेल तर पुढे सगळ्या वेलमध्ये (स्लाइडवरचे खाने) धुरकट पार्श्वभूमी येईल.

आता कॉन्ज्युगेटचं डायल्युशन ठरवायचं. बाटलीवर लिहिलेला आकडा ही फक्त सुरुवात. १:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशी डायल्युशन आडवी घ्या. उभ्या बाजूला जोरदार पॉझिटिव्ह, कमकुवत पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि नुसता पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण). जिथे जोरदार पॉझिटिव्हचं शेवटचं टायटर अजून घसरलेलं नाही आणि पीबीएसची वेल पूर्ण काळी आहे, ते डायल्युशन निवडा. पॉझिटिव्ह सीरम जमेपर्यंत हे पक्कं होत नाही, म्हणून तोवर रिपोर्ट द्यायचे नाहीत. लॉट (बाटल्यांची खेप) बदलला की हे सगळं पुन्हा.

रोजची पद्धत अशी:

सीरम साध्या ट्यूबमधलं. गुठळी व्हायला अर्धा तास, मग १५०० जीवर १० मिनिटं. आठवड्याच्या आत लावायचं असेल तर २ ते ८ अंश, नाहीतर लहान भाग करून उणे २० ला. वितळवून पुन्हा गोठवणं टाळा. लाल किंवा दुधाळ सीरम परत मागवा.

१० मायक्रोलिटर सीरम अधिक ३९० मायक्रोलिटर पीबीएस, पीएच ७.२ ते ७.४. हे झालं १:४०. पुढे २०० मध्ये २०० मिसळत दुप्पट करत जा. वेलमध्ये २५ ते ३० मायक्रोलिटर, ओलसर डब्यात, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. डब्याचं झाकण नीट बसलेलं हवं. वेलची कड वाळली की तिथे कडेकडेनं खोटी चमक येते आणि ती अगदी खऱ्या पॅटर्नसारखी भासते.

धुताना पीबीएसची धार थेट वेलवर नको. स्लाइड तिरकी धरून वरच्या कडेनं सोडा, मग ५ मिनिटं पीबीएसमध्ये बुडवून ठेवा, पीबीएस बदला, पुन्हा ५ मिनिटं. कॉन्ज्युगेट ३० मिनिटं अंधारात. पुन्हा तसंच धुणं. माउंटिंगला बफर केलेलं ग्लिसरॉल, पीएच थोडा अल्कलीकडे, ८.५ च्या आसपास. आम्लाकडे झुकलं की एफआयटीसी मंदावतं.

किटच्या कॉन्ज्युगेटमध्ये बऱ्याचदा इव्हान्स ब्लू घातलेलं असतं, त्यामुळे पेशीद्रव लालसर दिसतं. तुमच्या नव्या कॉन्ज्युगेटमध्ये ते नसेल. मग पार्श्वभूमी जास्त हिरवी वाटते आणि नजर फसते. इव्हान्स ब्लू वेगळं घालायचं की नाही ते एकदाच ठरवा आणि कायम तसंच ठेवा.

प्रत्येक रनला या वेल हव्यातच: माणसाचा पॉझिटिव्ह किटच्या कॉन्ज्युगेटवर (स्लाइड ठीक आहे का), कुत्र्याचा पॉझिटिव्ह, कुत्र्याचा निगेटिव्ह, पीबीएस अधिक अँटी-डॉग कॉन्ज्युगेट, आणि माणसाचा पॉझिटिव्ह अँटी-डॉग कॉन्ज्युगेटवर. ही शेवटची वेल लोक वाचवायला बघतात. नवा लॉट आला की ती हवीच.

निळीनळी

वाचनाबद्दल थोडं. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर आधी विभाजन होत असलेल्या पेशी शोधा. केंद्रक एकसारखं चमकतंय आणि मेटाफेजमधला (विभाजनाचा मधला टप्पा) गुणसूत्रांचा पट्टाही चमकतोय, तर होमोजिनस. केंद्रकात ठिपके आहेत आणि मेटाफेजचा पट्टा काळा, आजूबाजूला ठिपके विखुरलेले, तर स्पेकल्ड. कुत्र्यांत हे दोनच प्रामुख्यानं भेटतात. माणसांच्या वर्गीकरणातले सगळे एसी क्रमांक (प्रत्येक पॅटर्नला दिलेला क्रमांक) कुत्र्याच्या रिपोर्टवर छापायची गरज नाही.

दोघांनी एकमेकांचं न बघता वाचावं. एका पायरीपेक्षा जास्त फरक आला तर तो नमुना पुन्हा लावावा.

श्वानवैद्य

पॅटर्नला कुत्र्यांत थोडा अर्थ आहे, म्हणून तो रिपोर्टवर लिहाच. नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रिव्हर या जातीत ल्युपससारखा सांध्यांचा आजार आढळतो आणि त्यावर स्वीडनमध्ये बरंच काम झालंय. अशा आजाराच्या एएनए पॉझिटिव्ह कुत्र्यांत आयएलएफ२ आणि आयएलएफ३ या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी सापडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांच्या नेहमीच्या लाइन ब्लॉटवर ही प्रथिनं नसतात. म्हणजे स्लाइडवर स्वच्छ स्पेकल्ड आणि ब्लॉटची सगळी पट्टी कोरी, असं कुत्र्यात होऊ शकतं. त्या कोऱ्या पट्टीवरून एएनए खोटी ठरवू नये.

दुसरं, डबल स्ट्रँडेड डीएनए. माणसांच्या ल्युपसमध्ये तिचं जे वजन आहे ते कुत्र्यात नाही. कुत्र्यांत हिस्टोनविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त भेटतात. डीएसडीएनए निगेटिव्ह आली म्हणून कुत्र्याचा ल्युपस नाकारणं चूक आहे.

अंतिमवर्ष

विद्यार्थिनी आहे, शंका विचारते. स्क्रीनिंग १:४० ला करायचं की १:१०० ला? दोन्ही वाचलंय. माणसांच्या २०१९ च्या ल्युपस निकषांत तर १:८० दिलंय.

निळीनळी

१:४० ला. खालून सुरुवात केली तर काही हातचं सुटत नाही.

श्वानवैद्य

मी १:१०० च्या बाजूचा. १:४० ला निरोगी कुत्रेही चमकतात. शिवाय एर्लिकिया, लीशमानिया, बार्टोनेला यांच्या संसर्गातही एएनए पॉझिटिव्ह येते, आणि ही कुत्री नेमकी ताप, सुजलेले सांधे, कमी प्लेटलेट घेऊनच येतात. १:४० चा पॉझिटिव्ह हातात पडला की कोणीतरी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू करतं, आणि खाली एर्लिकिया बसलेला असतो. हा धोका कागदावरचा नाही.

फ्लुरोसिन

माणसांचा १:८० कुत्र्याला लावायचा नाही, एवढं आधी पक्कं करू. तो आकडा माणसांच्या नमुन्यांवर, माणसाच्या कॉन्ज्युगेटसह ठरलेला आहे. तुमचं कॉन्ज्युगेट, तुमचा दिवा, तुमची स्लाइड यांवर तुमचा कटऑफ ठरतो. स्क्रीनिंग कुठूनही करा. पॉझिटिव्ह कुठून म्हणायचं ते निरोगी कुत्र्यांवरून काढा.

संदर्भ मर्यादा काढण्यासाठी १२० निरोगी प्राणी हा नेहमीचा दंडक. तेवढे जमत नसतील तर ४० पासून सुरुवात करता येते, पण मग मर्यादा ढोबळ राहते आणि तसं लिहावं लागतं. फक्त निरोगी कुत्रे पुरत नाहीत. दुसरा गट हवा: आजारी पण ऑटोइम्यून नसलेले, म्हणजे संसर्ग, गाठी, झीज झालेले सांधे. खरी परीक्षा या गटात होते, कारण पशुवैद्याच्या टेबलावर निरोगी कुत्रा येत नाही.

श्वानवैद्य

याच्याच जोडीला हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेले. १००० कुत्र्यांत २० ना खरा आजार आहे, चाचणी आजारी ९० टक्क्यांना पकडते आणि निरोगी ९० टक्क्यांना निगेटिव्ह सांगते. पॉझिटिव्ह आले ११६, त्यातले खरे १८. सहातला एकही धड नाही. आता फक्त तीच कुत्री पाठवा ज्यांच्यात दोन अवयवसंस्था बिघडल्यात आणि संसर्ग तपासून बाजूला काढलाय, म्हणजे १००० त ३०० खरे आजारी धरू. पॉझिटिव्ह ३४०, त्यातले खरे २७०. स्लाइड तीच, कॉन्ज्युगेट तेच. म्हणून लॅबनं मागणीपत्रावर तीन रकाने छापावेत: कुठल्या अवयवांची लक्षणं, गोचिडजन्य आजारांच्या तपासण्या झाल्या का, सध्या कुठली औषधं. औषधांत सल्फा, हायड्रालझीन, प्रोकेनमाइड मुद्दाम विचारा. स्टेरॉइड सुरू होण्याआधीचा नमुना मिळाला तर सर्वांत उत्तम.

अंतिमवर्ष

म्हणजे कॉन्ज्युगेट बदललं आणि कटऑफ नव्यानं काढला की माणसांचं कुठलंही किट कुत्र्याला चालेल?

त्वचाअभ्यासक

नाही. आधी विचारायचं की कुत्र्याची अँटिबॉडी त्याच प्रथिनाविरुद्ध आहे का. पेम्फिगस फोलिएशियस (त्वचेवर पुळ्या आणणारा ऑटोइम्यून आजार) घ्या. माणसात लक्ष्य डेस्मोग्लीन १, आणि त्याचं एलायझा किट (प्लेटवर रंगाने अँटिबॉडी मोजणारं) मिळतं. कुत्र्यात त्याच नावाच्या आजारात मुख्य लक्ष्य डेस्मोकॉलिन १ आहे. डेस्मोग्लीन १ च्या प्लेटवर कितीही चांगलं अँटी-डॉग कॉन्ज्युगेट घाला, बहुतेक कुत्रे निगेटिव्हच येणार. इथे निदान पुळीतल्या पेशींचा स्मिअर आणि बायॉप्सीवरच करायचं: अ‍ॅकँथोलायटिक पेशी (एकमेकींपासून सुटलेल्या त्वचेच्या पेशी), न्यूट्रोफिल, आणि जंतुसंसर्ग व बुरशी वगळणं.

अ‍ॅडिसनचंही (अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा आजार) तसंच. माणसात २१-हायड्रॉक्सिलेज, कुत्र्यात अँटिबॉडी सापडल्या त्या साइड-चेन तोडणाऱ्या एन्झाइमविरुद्ध, म्हणजे सीवायपी११ए१. कुत्र्याच्या अ‍ॅडिसनचं निदान एसीटीएच देऊन कॉर्टिसॉल बघण्यावर उभं आहे, अँटिबॉडीवर नाही.

स्नायूतंतू

चघळण्याच्या स्नायूंचा दाह याचं अजून ठळक उदाहरण. कुत्र्याच्या जबड्याच्या स्नायूंत टाइप २एम नावाचे खास तंतू असतात आणि अँटिबॉडी त्यांच्याविरुद्ध बनते. माणसात त्या मायोसिनचा जीन, एमवायएच१६, बिघडून निकामी झालेला आहे. तंतूच नाहीत, तर माणसांची चाचणी कुठून असणार! इथे कुत्र्यासाठीच बनवलेली २एम चाचणी लागते. नमुना स्टेरॉइडच्या आधी.

मायस्थेनियामध्ये (स्नायू लवकर थकण्याचा आजार) गोष्ट थोडी वेगळी. लक्ष्य दोन्हींकडे एकच, अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर. पण कुत्र्याची अँटिबॉडी कुत्र्याच्या रिसेप्टरला जितकी घट्ट धरते तितकी माणसाच्या रिसेप्टरला धरत नाही. माणसांच्या रेडिओइम्युनोअसेवर (किरणोत्सर्गी खूण वापरणारी चाचणी) कुत्र्याचा नमुना लावला तर खरा पॉझिटिव्ह निसटतो. कुत्र्याचा रिसेप्टर वापरणाऱ्या चाचणीत ०.६ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर पॉझिटिव्ह धरतात. माणसांच्या चाचणीचा आकडा घेऊन ०.६ शी तुलना करू नये. पद्धत वेगळी, तर आकडाही वेगळा. आणि अन्ननलिका रुंदावलेल्या, खाल्लेलं परत काढणाऱ्या प्रौढ कुत्र्यात ही चाचणी मागायला विसरू नका. पायांत काहीच अशक्तपणा नसलेला, फक्त अन्ननलिकेचा मायस्थेनिया कुत्र्यात असतो.

फ्लुरोसिन

अंतिमवर्ष, किट हातात आलं की पत्रकात चाचणीची रचना आधी वाचा. अप्रत्यक्ष रचना, म्हणजे प्लेटवर अँटिजेन, वर नमुना, वर अँटी-ह्यूमन कॉन्ज्युगेट: कॉन्ज्युगेट बदलल्याशिवाय कुत्र्याला निरुपयोगी. ब्रिज रचना, म्हणजे नमुन्यातली अँटिबॉडी एका हातानं प्लेटवरचं अँटिजेन आणि दुसऱ्या हातानं लेबल लावलेलं अँटिजेन धरते: तिथे प्रजातीचा प्रश्न येत नाही, अँटिजेन जुळलं की पुरे. स्पर्धात्मक रचना, म्हणजे नमुन्यातली अँटिबॉडी किटमधल्या लेबल लावलेल्या अँटिबॉडीशी जागेसाठी झगडते: तत्त्वतः चालते, पण कुत्र्याची अँटिबॉडी नेमक्या त्याच जागेवर बसायला हवी, नाहीतर खोटं निगेटिव्ह.

बंद ऑटोअ‍ॅनालायझरवर कॉन्ज्युगेट बदलता येत नाही. तिथे कुत्र्याचा नमुना घालून आलेला आकडा रिपोर्टवर नेणं म्हणजे पशुवैद्याला फसवणं आहे.

कव्हरस्लिप

लाइन ब्लॉट आणि एलायझाबद्दल कोणी हातानं केलंय त्यांनी सांगाल का? पट्टीवरचा कंट्रोल बँडच येत नाही असं ऐकलंय.

प्रोटीनए

बरोबर ऐकलंय, आणि तो यायलाही नको. कॉन्ज्युगेट कंट्रोलच्या जागी पट्टीवर माणसाची आयजीजी लावलेली असते. अँटी-डॉग कॉन्ज्युगेट तिला धरणार नाही. तो बँड आला तर उलट काळजी करा, कॉन्ज्युगेट माणसाला क्रॉस होतंय. कामाच्या पद्धतीत स्पष्ट लिहून ठेवा, नाहीतर नवा माणूस सगळ्या पट्ट्या बाद करेल. त्याऐवजी प्रत्येक रनला ज्ञात पॉझिटिव्ह कुत्र्याची एक पट्टी लावा.

कॉन्ज्युगेट अल्कलाइन फॉस्फेटेजचं हवं, कारण किटचा रंगद्रव्याचा डबा त्यालाच जुळतो. पेरॉक्सिडेजचं आणलंत तर पट्टी कोरीच राहील. बँडची तीव्रता मोजणारं सॉफ्टवेअर माणसांच्या कटऑफवर चालतं. त्याचं ‘+’ आणि ‘++’ कुत्र्यासाठी घेऊ नका.

एलायझात मोठा खोडा पार्श्वभूमीचा. लसी ज्या पेशींवर बनतात त्या गाईच्या सीरममध्ये वाढवलेल्या असतात, त्यामुळे लस झालेल्या कुत्र्यांत गाईच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनतात. प्लेट बीएसएनं (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) ब्लॉक केलेली, म्हणजे तिच्या रिकाम्या जागा झाकलेल्या असतील तर कुत्र्याची अँटिबॉडी ब्लॉकिंगलाच चिकटते आणि ओडी (रंगाची मोजलेली तीव्रता) चढते. प्रत्येक नमुन्यासाठी एक वेल अँटिजेनशिवाय, फक्त ब्लॉक केलेली ठेवा आणि तिची ओडी वजा करा. अँटिजेन नसलेली वेलच वर गेली तर त्या नमुन्याचा निकाल द्यायचा नाही. स्वतः प्लेट बनवत असाल तर माशाचं जिलेटिन वापरून बघा. दूध पावडर गाईचीच, तिनं प्रश्न सुटत नाही.

नमुने दुहेरी लावा. दोन वेलमधला फरक १० टक्क्यांच्या आत, वेगवेगळ्या दिवसांचा १५ च्या आत.

लालपेशी

कूम्ब्सचं राहिलंय. माणसांचं अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन आणि ते आधीच भरलेली जेल कार्ड कुत्र्याला चालत नाहीत. आयजीजीनं झाकलेल्या कुत्र्याच्या पेशी जेलमधून सरळ तळाला जातात, छान लाल बटण, आणि लोक निगेटिव्ह लिहितात. कुत्र्याचं पॉलिव्हॅलंट अँटिग्लोब्युलिन हवं: आयजीजी, आयजीएम आणि सी३ (कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांपैकी एक) तिन्ही धरणारं. न्यूट्रल जेल कार्डमध्ये ते घालून काम होऊ शकतं, किंवा सरळ मायक्रोप्लेट.

रक्त ईडीटीएमधलंच (गुठळी न होऊ देणारी ट्यूब). गुठळीच्या ट्यूबमध्ये कॉम्प्लिमेंट बाहेरच पेशींना चिकटतं आणि खोटा पॉझिटिव्ह मिळतो. पेशी सलाइननं तीनदा धुवा, २ ते ४ टक्के सस्पेन्शन करा. अँटिग्लोब्युलिन एकाच डायल्युशनला लावू नका. प्रोझोनमुळे (अँटिग्लोब्युलिन जास्त झालं की पेशी गोळा होत नाहीत) घट्ट डायल्युशनला निगेटिव्ह आणि चार पायऱ्या पुढे झकास पॉझिटिव्ह असं होतं. १:१० पासून दुप्पट करत न्या, ३७ अंशांना आणि ४ अंशांना. शेजारी नुसत्या सलाइनची रांग. तीच गोळा झाली तर कूम्ब्स वाचताच येत नाही.

आणि या सगळ्याआधी साधी स्लाइड. एक थेंब रक्त, चार थेंब सलाइन, मायक्रोस्कोपखाली. रूलो (नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या पेशी) असतील तर मोडतात, खरं अ‍ॅग्लुटिनेशन (पेशींच्या गोळ्या होणं) टिकतं. शंका असेल तर पेशी तीनदा धुऊन पुन्हा बघा. स्मिअरवर १०० च्या ऑब्जेक्टिव्हला दर फील्डमध्ये ५ किंवा जास्त स्फेरोसाइट (मधली फिकट जागा नसलेल्या गोल लाल पेशी) हे कुत्र्यात भक्कम चिन्ह आहे. अमेरिकन पशुवैद्यकीय अंतर्गतवैद्यक महाविद्यालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही स्फेरोसाइट, अ‍ॅग्लुटिनेशन आणि कूम्ब्स एकत्र बघायचे आहेत, सोबत लाल पेशी फुटत असल्याचा पुरावा. कुत्र्याला आधी रक्त दिलं असेल तर ते चिठ्ठीवर हवंच, कारण मग कूम्ब्स दिलेल्या पेशींचीही असू शकते.

श्वानवैद्य

आरए फॅक्टर दोन ओळींत. लेटेक्सवर माणसाची आयजीजी असते. कुत्र्याचा फॅक्टर कुत्र्याच्या आयजीजीविरुद्ध असतो. लेटेक्सच्या गुठळ्या झाल्या नाहीत म्हणून काहीच सिद्ध होत नाही. आणि कुत्र्याच्या आयजीजीवर बनवलेली चाचणीही सांधे पोखरणाऱ्या आजारात बऱ्याचदा निगेटिव्ह आणि इतर दीर्घ आजारांत पॉझिटिव्ह येते. सांध्यातल्या द्रवाचा स्मिअर यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

थायरॉइड: थायरोग्लोब्युलिनच्या अँटिबॉडीसाठी कुत्र्याच्या थायरोग्लोब्युलिनवर बनलेलं एलायझा मिळतं, तेच वापरा. लॅबवाल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुत्र्यात टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) विरुद्धच अँटिबॉडी असू शकते, आणि ती इम्युनोअसेत टी४ खोटा वाढवून दाखवते. लक्षणं हायपोथायरॉइडची, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वर, आणि टी४ नॉर्मल किंवा चढलेला, असं दिसलं तर डायलिसिसनं मोजलेला फ्री टी४ मागवायला सांगा.

कव्हरस्लिप

खूप उपयोग झाला. रिपोर्टवर नेमकं काय छापायचं ते सांगा, मग सुरुवात करता येईल. मालक महिन्या-महिन्यानं टायटर मागतात, त्याचं काय?

फ्लुरोसिन

रिपोर्टवर प्रजाती, स्लाइडचा प्रकार, कॉन्ज्युगेट कुठल्या प्रजातीविरुद्ध आणि लॉट, स्क्रीनिंगचं डायल्युशन, शेवटचं टायटर, पॅटर्न, तुमचा कटऑफ आणि तो किती कुत्र्यांवरून काढला. माणसांच्या रिपोर्टच्या तळाशी आपोआप छापलं जाणारं स्पष्टीकरण काढून टाका. सॉफ्टवेअरमध्ये कुत्र्यासाठी वेगळा टेस्ट कोड केल्याशिवाय ते जात नाही. पद्धत तुमच्या लॅबमध्ये कुत्र्यासाठी बदललेली आहे हे एका वाक्यात लिहा. आधी पाठवलेले निगेटिव्ह असतील तर त्या पशुवैद्यांना कळवा आणि सीरम शिल्लक असेल तर नव्या कॉन्ज्युगेटवर लावून द्या.

श्वानवैद्य

महिन्याच्या टायटरला नाही म्हणा. आजार आटोक्यात आहे की नाही ते लघवीतल्या प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावर, रक्तपेशींवर आणि सांध्यांवर कळतं. टायटर त्यांच्याबरोबर चालतंच असं नाही. एएनए पुन्हा लावायची ती चित्र बदललं तर, उदाहरणार्थ आधी फक्त सांधे होते आणि आता प्लेटलेट पडल्या. तेव्हा जुनं जपलेलं सीरम आणि नवं सीरम एकाच स्लाइडवर, शेजारशेजारच्या वेलमध्ये लावा. वेगवेगळ्या दिवशी वाचलेल्या १:१६० आणि १:३२० मध्ये फरक आहे असं समजू नका.